राहीबाईचे भोपळे

१२ जून २०२५, गुरुवार. पलूस.

बत्तीस वर्षं मी शेतकऱ्यांना सांगत आलो, नोंदवही ठेवा. स्वतः कधी ठेवली नाही. शेतीखात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि आज ठेवतोय, तीही रागाच्या भरात.

कराडच्या एका कॉलेजातले तरुण प्राध्यापक प्रबुद्ध कांबळे यांनी मला चार ऑक्टोबरला भाषणाला बोलावलंय. विषय, शेतीतल्या अंधश्रद्धा. माझी राहीबाईच्या भोपळ्यांची गोष्ट त्यांनी कुठल्याशा शिबिरात ऐकली होती. या दोन जिल्ह्यांत ती कोणी ऐकली नाही? माझं नाव विसरलेली माणसंही मला ‘ते बोटवाले साहेब’ म्हणून ओळखतात.

गोष्ट २००१ सालची. मी तेव्हा कृषी सहायक होतो. माळवस्तीवर शिवारफेरी होती आणि राहीबाई शेंडगे या बाईचं परडं बघायचं ठरलं, कारण तांबड्या भोपळ्याचे इतके जोरदार वेल वस्तीत दुसरीकडं नव्हते. सकाळी मी स्वतः पंप पाठीला लावून फवारणीचं प्रात्यक्षिक केलं आणि मग कोवळी फळं बोटानं मोजू लागलो. तशी बाई ओरडली, “सायेब, कवळ्या फळाला बोट दावू नगा, झडतंय ते!” हा समज आपल्याकडं घरोघरी आहे. फळ दाखवायचंच झालं तर बोट दुमडून दाखवतात. मी मुद्दाम एकेका फळापुढं उभा राहिलो आणि सरळ बोट रोखलं. अठरा फळं होती, सगळ्यांच्या टोकाला अजून कळी नाही तर फूल. आठवड्याभरात अठराही झडली आणि राहीबाईनं वस्तीभर केलं की साहेबाच्या बोटानं झडली. इथं मी जरा थांबतो आणि म्हणतो, “अहो, एवढं बळ माझ्या बोटात असतं तर ते मी घाटेअळीला नसतं का दाखवलं?” हशा ठरलेला.

प्रबुद्धही फोनवर पोटभर हसले. मग म्हणाले, “पण सर, मग ती झडली कशानं?”

चोवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, नैसर्गिक फळगळ. तर म्हणतात, “अठराच्या अठरा?”

कालचं पोर. ठीक आहे. आज परड्यात सहा आळी करून तांबडा भोपळा टोकलाय. प्रत्येक फळाला रोज बोट दाखवणार, रोज फोटो काढणार आणि पिकलेला भोपळा कराडच्या व्यासपीठावर नेऊन ठेवणार. शालनला हे सगळं समजावून सांगितलं. सौभाग्यवती म्हणाल्या, “आवं, आदी उगवू तर द्या.”

१९ जून

पाच आळ्यांत उगवण चांगली. सहाव्यात पाणी साचून बी कुजलं. ते आळं मीच खोल केलं होतं. माती उंच करून पुन्हा टोकलं.

२७ जून

तांबडे भुंगे आले. कोवळ्या दलांची चाळण केली. मी औषध आणायला निघालो तर शालननं पहाटेच्या दवात चुलीची राख फुंकून ठेवली होती. चार दिवस बघू म्हणालो.

१ जुलै

भुंगे गेले. राखेचं प्रमाण काय घेतलं विचारलं तर म्हणे मूठभर. मूठ हे काही माप नव्हे. तरी नोंद करून ठेवतो.

२० जुलै, रविवार

वेल भिंतीवर चढले. आज सकाळी नऊ फुलं. नऊही नर. शेजारच्या रंगुबाई भिंतीवरून डोकावल्या. “भाऊजी, समदी वांझ फुलं हायती की. वेल माजलाय, खत लय झालं असंल.” मी त्यांना सांगितलं की भोपळ्याला आधी आठ-दहा दिवस नर फुलंच येतात, मादी फूल मागनं येतं, त्याच्या देठाशी लिंबाएवढं फळ आधीच असतं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं नसावं. माणसांना वाट बघायला सांगितलं की वाटतं साहेबाला काही येत नाही.

२९ जुलै, नागपंचमी

पहिली मादी कळी, देठाशी इवलंसं फळ. तीन वेलांवर तीन! मी लगेच बोट दाखवलं, फोटो काढला. शेंडे खुडायचे होते, पण आज चिरायचं, कापायचं, खणायचं नाही म्हणून शालननं हातातली कात्री काढून घेतली. अंधश्रद्धेवर भाषण करणाऱ्याच्या घरात ही कथा.

२ ऑगस्ट, शनिवार

आता मादी कळ्या येतच राहिल्या, त्यामुळं फळमाशीची धास्ती. कोवळ्या फळाला डंख मारते, आत अळ्या होतात. दोन माश्या पानावर दिसल्या. वारा पडलेला होता म्हणून सकाळी सात वाजताच पंप भरून फवारलं. अंगात अजून ताकद आहे. फवारून झाल्यावर फळांना रोजच्यासारखं बोट दाखवलं. एकूण सात, सगळी अजून कळीतलीच.

८ ऑगस्ट

सातही गेली. आधी टोकाकडून पिवळी पडली, मग मऊ झाली, आज हात लावला तर देठापासून सुटली.

शालननं ती उचलून उकिरड्यावर टाकली. ती काही म्हणत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

१४ ऑगस्ट

रविवारी पुन्हा फवारलं, औषध जरा कडक करून. नवी पाच फळं पिवळी पडायला लागलीत. रंगुबाई भिंतीपाशी आल्या आणि फळांकडं न बघता आभाळाकडं बघत म्हणाल्या, “शालन, माझ्या सासूबाई कवळं फळ धोतऱ्याच्या पानाखाली झाकून ठेवायच्या बघ.” हा टोमणा कोणाला होता ते कळायला मी काही दूधखुळा नाही.

संध्याकाळी एक गंमत सापडली. कोपऱ्यातल्या वेलावर एक फळ पानांखाली दडपून ठेवलेलं. शालनचंच काम. “तुमच्या नदरंला पडू नये म्हनून ठिवलंतं,” म्हणाली. तेही सडलं होतं! मी आनंदानं ओरडलोच. म्हणजे ज्याला बोट दाखवलं नाही तेही झडलं. बोट आरोपातून सुटलं. ती म्हणाली, “फळ सडलं आन् तुमी नाचताय.”

१९ ऑगस्ट

मनाशी ठरवून आज सहाला खुर्ची टाकून परड्यात बसलो. आधी काल झडलेली फळं चिरली. अळी नाही, डंख नाही. म्हणजे फळमाशी नाहीच, मी दोनदा उगाच फवारलं. मग फुलं बघत बसलो. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि नवाच्या आत मिटतं. या तीन तासांत मधमाशीनं नर फुलाचे पराग मादी फुलावर नेले तर फळ धरतं, नाही तर झडतं. हे मी शेकडो वेळा शिकवलंय. सहा ते नऊ मोजलं. एकही माशी आली नाही. एका नर फुलात मेलेली मधमाशी सापडली, बाकी काही नाही. म्हातारी असेल.

कारण मिळालं. परागीभवन. आता प्रबुद्धला काय सांगायचं ते कळलं.

२१ ऑगस्ट

पंपाचा वॉशर गेलाय. दुरुस्तीला टाकला नाही, फवारायचं कशाला?

सकाळी नर फूल खुडून पाकळ्या काढल्या आणि आतला दांडा दोन मादी फुलांवर अलगद फिरवला. शालन म्हणाली, “लगीन लावताय जनू.” मी म्हणालो, अक्षता आण. खूप दिवसांनी दोघं हसलो. फळांना बोट मात्र दाखवलं. प्रयोग म्हणजे प्रयोग.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दोन्ही धरली! आठवड्यात नारळाएवढी झाली, रंग गडद, देठ घट्ट. आठवडाभर रोज बोट दाखवलंय, फोटो आहेत. खाली उसाचं पाचट घातलं, वर कागद गुंडाळला. प्रबुद्धला फोन करून सांगितलं की राहीबाईची फळं परागीभवनाअभावी झडली, बोट निर्दोष. ते म्हणाले, “वा सर, आता गोष्ट पूर्ण झाली.”

काल गणपती बसले. शालन मोदकाचं सारण हलवत होती. हे सगळं तिला ऐकवलं. ती म्हणाली, “व्हय, पण आपल्याकडं निदान चारी बाजूनं घरं हायत. त्या बाईच्या माळावर माश्या का न्हवत्या?”

मी म्हणालो, सारण करपेल.

३१ ऑगस्ट

माश्या नसायला हजार कारणं असतात. पाऊस असेल. ढगाळ हवा असेल. मोहोळ उठून गेलं असेल.

सकाळी वेलावर तीन माश्या आल्या होत्या. फवारणी थांबवून एकवीस दिवस झाले. हे नुसतं नोंदवून ठेवतो.

३ सप्टेंबर

कपाटातून शिवारफेरीचा फोटो काढला. भाषणात पडद्यावर दाखवायचा होता. मी मधोमध, पाठीला पंप, एका हातात नळी, दुसऱ्या हाताचं बोट फळावर रोखलेलं. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं, डाव्या कडेला डोईवर पदर घेतलेली राहीबाई. सगळ्यांच्या सावल्या लांब पडल्यात. मागं वेल, आणि वेलावर सगळी फुलं उघडी.

चोवीस वर्षं हा फोटो मी लोकांना दाखवतोय. माझं बोट बघा म्हणून दाखवतोय.

६ सप्टेंबर

तेव्हा सगळेच सकाळी फवारायचे. मला वरून जे सांगितलं ते मी केलं.

९ सप्टेंबर

त्या दिवशी लिहिलं ते खरं नाही. जुन्या कागदांत त्या फेरीत वाटलेलं पत्रक सापडलं. सातवी ओळ, ‘वेल फुलोऱ्यात असताना सकाळी फवारणी करू नये.’ खाली वाटणारा म्हणून माझी सही. ओळ मला पाठ होती. पण फेरी सकाळची होती, माणसं जमली होती, फोटोवाला आला होता.

अठरा फळं माझ्यामुळंच झडली. बोटानं नाही, पंपानं; औषधानं माश्याच मारल्या. बाईला कारण ठाऊक नसेल, पण माणूस तिनं बरोबर धरला होता. आणि मी तिच्यावर दोन जिल्हे हसवले. मला आज फार लाज वाटते. हे वाक्य लिहायला अर्धा तास लागला.

शालनला सांगितलं. तिनं पोळपाट बाजूला ठेवला आणि म्हणाली, “जावा की मग तिच्याकडं. मला सांगून काय हुतंय?”

१४ सप्टेंबर, रविवार

गेलो. तासगावपर्यंत एसटी, पुढं वडापची जीप. बरोबर काही नेलं नाही. भोपळा न्यावा असं मनात आलं होतं, पण ते नाटक झालं असतं.

वस्तीवर आता डांबरी रस्ता आहे. पारावरच्या माणसाला राहीबाई शेंडग्यांचं घर विचारलं. तो म्हणाला, “कोन, बोटाची राही? ती काय पत्र्याची शेड.” मी पुढं चालू लागलो. हे नाव कुठून आलं ते विचारायची गरज नव्हती.

राहीबाई आता पासष्टीच्या असतील. शेरडांना पाला टाकत होत्या. त्यांचा मुलगा धुळा टेम्पो धूत होता. मी नाव सांगितलं. त्यांनी मला नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, “केस गेलं की समदं. बसा.”

बसलो. सगळं एकदम बोललो. पंप, सकाळ, फुलं, माश्या, पत्रकातली ओळ. त्या पाला टाकत ऐकत राहिल्या. माझं संपलं तेव्हा म्हणाल्या, “म्हाईत हाय मला.”

“काय माहीत आहे?”

“माश्या मेलेलं. तुमी गेल्यावर दुसऱ्या दिशी सकाळी बघिटलं. फुलाफुलांत पडल्या हुत्या, काय वेलाखाली वळवळत हुत्या. तवाच वळाकलं मी. मी कवा म्हनलं बोटानं झडली म्हनून? बोट दावू नगा म्हनले ती आपली बोलायची रीत. झडली ती कशानं, मला दिसत न्हवतं व्हय?”

मी म्हणालो, “वस्तीत तुम्ही तसं सांगितलं, असं मी ऐकलं होतं.”

“कुनाकडनं?”

मला आठवेना. अजून आठवत नाही. बहुतेक कोणाकडूनच नाही. गोष्टीला शेवट हवा होता म्हणून मीच ते वाक्य तिच्या तोंडी घातलं असावं, आणि इतक्यांदा सांगितल्यावर ते मलाच खरं वाटायला लागलं.

त्या पुढं म्हणाल्या, “फळं झडली, मंग ठिवलेल्या मेलेल्या माश्या पदराच्या वट्यात घिऊन तुमच्या कचेरीत आल्ते मी. म्हनलं सायबाला दावावं, म्हंजे फुडं दुसऱ्याच्या परड्यात आसं हुयाचं न्हाई. तुमी दारातच हुभं हुतासा, चार मान्सं भवतीनं. माझीच गोष्ट सांगत हुता. मान्सं हसत हुती. मी तशीच माघारी फिरले. रस्त्याकडंला वटा झाडला.”

मी खुळ्यासारखा म्हणालो, “मग बोलला का नाहीत? पुढं यायचं होतं.”

“आवं, मी माझ्या दारात, माझ्या वेलापाशी बोलले तवा ऐकलं न्हाईसा. कचेरीत ऐकलं असतं व्हय?”

धुळा टेम्पो धुवायचा थांबला होता. तो म्हणाला, “सायेब, शाळंत पोरं मला बोट दावायची. आई त्या दिसापास्नं एका मीटिंगला गेली न्हाई. बचत गटाच्या बाया अध्यक्ष करनार हुत्या तिला, तितंबी गेली न्हाई.”

“तू गप,” राहीबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, माझं चुकलं. यापेक्षा मोठं काही सुचलं नाही. त्या हो म्हणाल्या नाहीत, असू द्या म्हणाल्या नाहीत. आत जाऊन चहा टाकला. कप हातात देताना विचारलं, “ती गोष्ट कुटं कुटं सांगितली?”

मी मनात गावं मोजायला लागलो. कराड, विटा, इस्लामपूर, वडूज, जत. शिबिरं, मेळावे, निरोपसमारंभ, लग्नाच्या पंगती. मोजणं सोडून दिलं. म्हणालो, सांगता येणार नाही.

“मंग आता ही बी सांगा. जमल तितकी.”

निघताना धुळानं त्याचा फोन नंबर दिला. माझा मागितला नाही.

२० सप्टेंबर

कराडला नकार कळवावा असं चार वेळा वाटलं. तब्येतीचं कारण चालेल. साठाव्या वर्षी भरल्या सभेत स्वतःची अब्रू काढून घ्यायची म्हणजे काय ते फोन हातात धरल्यावर कळतं. जी दोन-चार माणसं मला मानतात, ती याच गोष्टीमुळं मानतात.

शालन म्हणाली, “त्या बाईनं चोवीस वर्सं काडली. तुमचा तर एक तास हाय.” फोन खाली ठेवला.

४ ऑक्टोबर, शनिवार. कराड.

सभागृह भरलं होतं. भोपळा नेला नव्हता. फोटो पडद्यावर लावला आणि गोष्ट नेहमीसारखीच सुरू केली. वेल, फेरी, बोट, घाटेअळी. ठरल्या जागी हशा झाला. समोरची मुलं बाकांवर थापा मारत होती. हशा थांबेपर्यंत मी उभा राहिलो. एवढी वर्षं तो मला गोड वाटायचा. आज वाटलं की ती बाई कुठंतरी दारात उभी आहे.

मग म्हणालो, आता या फोटोत माझं बोट बघू नका, पाठीवरचा पंप बघा, सावल्या बघा, फुलं बघा. आणि उरलेलं सगळं सांगितलं. पत्रकातली सातवी ओळ वाचली. मेलेल्या माश्या, पदराचा ओटा, कचेरीचं दार. त्या बाईनं जे एका सकाळी डोळ्यांनी पाहिलं ते मला कळायला चोवीस वर्षं लागली, कारण मी बघत नव्हतो, दाखवत होतो. शेवटी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका मुलीनं उठून विचारलं की मग फवारणी नेमकी कधी करायची. संध्याकाळी, फुलं मिटल्यावर, आणि खरंच गरज असेल तरच, असं मी सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं.

प्रबुद्ध मला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी लागल्यावर म्हणाले, “सर, मी तो प्रश्न सहज विचारला होता.” मी म्हणालो, बरं झालं विचारलात.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी धुळाला फोन लावला. त्यानं आईकडं दिला.

“सांगितली?” राहीबाईंनी विचारलं.

सांगितली म्हणालो.

“हसली का मान्सं?”

“आधी हसली.”

“आन् मंग?”

“मग कोणी हसलं नाही.”

मग त्यांनी विचारलं, “माझं नाव घेतलं का न्हाई?”

मी म्हणालो, सुरुवातीला सवयीनं आलं असेल. पण पुढं, माश्यांचं सांगताना, मुद्दाम नाही घेतलं. नुसतं ‘त्या बाई’ म्हणालो. तुमच्या घरची गोष्ट, परक्या माणसांसमोर बरं दिसेल का, असं वाटलं. हे सांगताना मला उलट बरं वाटत होतं, की निदान इतकी काळजी तरी मी घेतली.

“हसवायच्या येळला घेत हुतासा की,” त्या म्हणाल्या. “आता बी घ्या.”

फोन ठेवला त्यांनी. पुढच्या रविवारी तासगावला द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात बोलायचंय. कागद काढला आणि पहिल्या ओळीवर लिहिलं, राहीबाई शेंडगे, माळवस्ती.